हळकुंडाचा दोरा

इंदूच्या पोटात दुखायला विनताचं फार मोठं काही लागत नसे. धाकट्या जावेच्या दारात नवं पायपुसणं दिसलं तरी पुरे. ते कुठून आणलं असेल, कोणी आणून दिलं असेल, आणि आपल्या दाराशी अजून गोणपाटाचा तुकडाच कसा, एवढा सगळा विचार सिविल लाइंसहून रांझीला येणाऱ्या बसमध्ये तिचा करून व्हायचा. इंदू मनाने वाईट नव्हती. फक्त जळायची. आपण जळतो हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचाही तिला राग यायचा.

खरं तर या घरात कोणी कोणावर जळायला कारणच उरू द्यायचं नाही, असा सासूबाईंचा पण होता. भानुमतीबाई नव्या नवरी होऊन आल्या तेव्हा त्यांच्या थोरल्या जावेला रेशमी लुगडं मिळालं होतं आणि त्यांना सुती. ते सुती लुगडं ऐंशीच्या घरात आल्या तरी त्या विसरल्या नव्हत्या. म्हणून स्वतःला दोन सुना आल्या तशी त्यांनी रीतच पाडली, की जे घ्यायचं ते जोडीने. लुगडं घेतलं तर दोन, पातेलं घेतलं तर दोन. एकदा विनताच्या डोक्यात उवा झाल्या तेव्हा त्यांनी बाजारातून फण्याही दोन आणल्या होत्या.

पण सासूबाईंच्या हातात लुगडी आणि पातेली होती, नशीब नव्हतं. थोरला बळीराम बापाच्या जागी फॅक्टरीत लागला आणि रांझीच्या क्वार्टरमध्ये राहिला. धाकटा गुणवंत परीक्षा देत देत सरकारी साहेब झाला आणि सिविल लाइंसच्या बंगल्यात गेला. इंदूच्या वाट्याला फॅक्टरीच्या भोंग्यावर उठणं आलं आणि विनताच्या वाट्याला माळी आला. त्यातून विनता सागर शहरातल्या जुन्या मराठी घराण्यातली, कॉलेजात इतिहास शिकवणारी. तिची भाषा स्वच्छ, साड्या कडक इस्त्रीच्या. इंदू वरुडकडच्या शेतकऱ्याची मुलगी. आपलं बोलणं ऐकून सिविल लाइंसमधल्या बायका गालातल्या गालात हसतात असं तिला वाटायचं. हसत होत्या की नाही, देव जाणे.

हे सगळंही इंदूने एक वेळ गिळलं असतं. गिळलं जात नव्हतं ते विनताच्या गळ्यातलं हळकुंड.

मंगळसूत्र वाढलं, ओवायला किंवा नवं घडवायला सोनाराकडे दिलं, की बाईने गळा मोकळा ठेवायचा नाही. हळदीत भिजवलेल्या दोऱ्यात हळकुंड बांधायचं आणि मंगळसूत्र परत येईपर्यंत तेच घालायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. रीत चांगलीच आहे. पण विनताच्या गळ्यात ते हळकुंड दर वर्षी दिसायचं. मार्गशीर्ष आला की दोन-तीन दिवस दोरा, मग पुन्हा मंगळसूत्र. पहिल्या वर्षी इंदूने विचारलं तेव्हा विनताच्या आधी गुणवंतच बोलला होता, "सोनाराकडे दिलंय, वहिनी." त्यानंतर इंदूने विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? दर वर्षी सोनं वाढतंय, दुसरं काय! परत आलेलं मंगळसूत्र ती डोळे बारीक करून बघायची आणि ते तिला दर वेळी थोडं जाड झाल्यासारखं वाटायचं. वाटून घ्यायला काय लागतं!

त्या पहिल्या वर्षी तर विनताची सख्खी बहीण कुंदा इंदुरात वारली होती. चाळिशीही न गाठलेली बाई, पीलियाने, म्हणजे काविळीने गेली म्हणे. "बहीण जाऊन सहा महिने नाही झाले, अन् हिला सोनाराची आठवण आली," असं इंदू तेव्हा नवऱ्याजवळ फणकारली होती.

"जाऊ दे ना," बळीराम म्हणाला होता. बळीराम सगळ्यालाच जाऊ दे म्हणायचा.

यंदा मात्र इंदूच्या जिवाला वेगळाच घोर लागला होता. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणं लावताना डाव्या छातीत बोराएवढं काहीतरी तिच्या हाताला लागलं. दुखत नव्हतं. दाबलं की जरा सरकायचं. फराळ, भाऊबीज, तुळशीचं लग्न, सगळं तिने तसंच पार पाडलं आणि मग एकदाचं बळीरामला सांगितलं. त्याने दुसऱ्याच दिवशी तिला फॅक्टरीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि शांतपणे समजावलं. चाळिशी उलटलेल्या बाईने मॅमोग्राफी करून घ्यावीच, म्हणाल्या, आणि इथे तर गाठ हाताला लागते आहे, तेव्हा सोबत सोनोग्राफीही करायची. एकीत जे कळत नाही ते दुसरीत कळतं. शहरातल्या एका तपासणी केंद्राच्या नावाने त्यांनी चिठ्ठी दिली आणि उशीर करू नका असं दोनदा बजावलं.

"मी येऊ का संग? सुट्टी टाकतो," बळीरामने घरी आल्यावर विचारलं.

"काही गरज नाही. जाईन मी माझी माझी," इंदू म्हणाली आणि तो पुन्हा विचारील म्हणून थांबली.

बळीरामने पुन्हा विचारलं नाही. त्याला वाटलं, नको म्हणते तर नको. इंदूला वाटलं, गुणवंतने टाकली असती. बायकोला सोनाराकडे न्यायला जो माणूस दर मार्गशीर्षात ऑफिसातून रजा घेतो, तो बायकोला गाठ झाल्यावर तर तिला तळहातावर उचलून नेईल. आपल्याला गाठही मिळाली ती एकटीने मिरवायची.

चिठ्ठी देवघराच्या फळीवर पडून राहिली. इंदू भीत होती, हे खरं. काय निघेल याची भीती, मोठ्या जागेची भीती, भलत्या दारात उभं राहून हसं होण्याची भीती. आणि आख्ख्या नात्यागोत्यात शहरातले डॉक्टर नावानिशी ओळखणारी बाई एकच होती, विनता. तिला एक फोन केला असता तर सगळं सुरळीत झालं असतं. तो एक फोन करण्यापेक्षा इंदू गाठ घेऊन बसायला तयार होती.

तेवढ्यात मार्गशीर्षातला गुरुवार आला. शेजारच्या हिंदीवाल्यांचा अगहन, म्हणजे त्यांचा मार्गशीर्ष, अर्धा सरतो तेव्हा कुठे आपला मार्गशीर्ष लागतो. त्यामुळे इंदूकडे लक्ष्मीचा घट मांडलेला पाहून शेजारणी दर वर्षी हसायच्या, "आपका तो अब शुरू हुआ." दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी हळदीकुंकवाला विनता आली. इंदूने तिच्या चेहऱ्याआधी तिचा गळा पाहिला. पिवळा दोरा, पिवळं हळकुंड. इंदूच्या अंगाचा तिळपापड झाला.

"यंदाबी सोनाराकडे टाकलं का वं?" सासूबाईंनी खाटेवरून विचारलं.

"हो, आई," विनता म्हणाली आणि खाली बघितलं.

"अन् हिचं?" सासूबाईंनी इंदूकडे बोट केलं. "बळीरामले सांग मी म्हटलं म्हणून. एकीचं टाकलं तं दुसरीचं काहून नाही? दोघीचं बरोबर झालं पाह्यजे."

सासूबाईंना न्याय करायचा होता आणि इंदूला तो न्याय मिरचीसारखा झोंबला. तिने विनताच्या कपाळावर कुंकू लावलं ते जरा जोरातच दाबून. विनताच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक छोटी चिकटपट्टी होती. ताकदीची इंजेक्शनं घेत असेल, इंदूने मनाशी ठरवलं. घरात सुखाची कमी पडली असेल. वरुडहून इंदूच्या आईने पाठवलेली संत्री तिने विनतापुढे ठेवली. विनताने त्यातलं एक नुसतंच हातात धरलं, बराच वेळ धरलं, आणि न सोलता परत ताटात ठेवलं. आमच्या घरचं कशाला गोड लागेल, इंदूच्या मनात आलं. विनता गेल्यावर तिने ते संत्रं सोलून रागारागाने स्वतः खाल्लं. गोड होतं.

आणि त्याच रागात तिने ठरवलं, की आता कोणालाही न विचारता आपलं आपण जायचं.

शनिवारी बळीराम ड्यूटीवर गेला तशी ती निघाली. बस, पुढे ऑटो, आणि मग ते तपासणी केंद्र. काचेची दारं, लखलखीत फरशी. इंदूने चप्पल बाहेर काढली, मग इतरांच्या पायांत बघून पुन्हा घातली. नाव पुकारलं गेल्यावर तिला एका गार खोलीत नेलं. मशीनजवळ पांढऱ्या कोटातली एक जाडगेली, हसरी बाई होती.

"ऊपर के कपड़े उतार दीजिए, दीदी. पाउडर तो नहीं लगाया? और मंगलसूत्र भी."

इंदूने मंगळसूत्र मुठीत धरलं. "ये नहीं उतरता."

"अच्छा, तो पीठ पर कर लीजिए."

इंदूने ते मागे टाकलं. पण मशीनला टेकायला वाकली की ते घसरून पुन्हा पुढे यायचं. दोनदा असं झाल्यावर ती बाई थांबली. "फोटो में आ जाएगा, दीदी. गाँठ के ऊपर ही मोती बैठ गया तो डॉक्टर मैडम क्या देखेंगी?"

"खाली गला लेके मैं नहीं खड़ी रहूँगी," इंदू म्हणाली. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, बाळंतपणातसुद्धा तिने गळा मोकळा होऊ दिला नव्हता. आज तर बळीराम तिकडे लोखंड कापणाऱ्या मशीनवर उभा होता आणि इकडे तिच्याच अंगात काय आहे ते कळायचं होतं. आजच्या दिवशी ती मंगळसूत्र उतरवणार नव्हती, मग गाठ राहिली तर राहिली.

ती बाई चिडली नाही. "आप मराठी हैं न? तो हल्दी बाँधकर आ जाइए. परसों ही आपके यहाँ की एक मैडम आई थीं, धागे में हल्दी बाँधकर. उनकी तो एमआरआई होती है, उसमें गले में ज़रा भी धातु नहीं चलती. हर साल अगहन में आती हैं बेचारी, अकेली."

परवा म्हणजे गुरुवार.

इंदू तिथल्या स्टुलावर बसली. चार वर्षांत विनताला सोनं देणारा तो सोनार एका क्षणात नाहीसा झाला. चिकटपट्टी आठवली, खाली घातलेली मान आठवली. आणि खरं सांगायचं तर इंदूच्या मनात पहिल्यांदा दया आली नाही. पहिल्यांदा आलं ते हेच, की म्हणजे इथेही तिला मोठं मशीन आणि मला छोटं! साडी तिची भारी, घर तिचं भारी, आणि आता तपासणीसुद्धा तिचीच भारी.

कपडे नीट करून ती तडक शेजारच्या खोलीत तिथल्या डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभी राहिली. "मेरी भी एमआरआई करो," म्हणाली. "मैं भी उसी घर की हूँ." ती कोणत्या घराबद्दल बोलते आहे ते बाईंना कळायचं काही कारण नव्हतं. पण त्यांनी चिठ्ठी वाचली आणि तिला समोर बसवलं.

"बड़ी मशीन, छोटी मशीन ऐसा नहीं होता," त्या म्हणाल्या. "आपकी गाँठ के लिए मैमोग्राफी और सोनोग्राफी, यही सही जाँच है. एमआरआई हर किसी को नहीं लगती. जिसकी माँ को हुआ हो, बहन को हुआ हो, जिसे खतरा बहुत ज़्यादा हो, उसे हम हर साल मैमोग्राफी के साथ एमआरआई भी कराने को कहते हैं. आपके मायके में किसी को?"

"नहीं. माँ अभी है. अस्सी की है."

"तो भगवान का शुक्र मनाइए कि आपको नहीं लगती."

आई. बहीण. विनताची आई ती कॉलेजात असतानाच गेली होती, पोटाच्या विकाराने म्हणे. आणि कुंदा पीलियाने. इंदू तशीच बाहेर रस्त्यावर आली. बहीण गेल्यावर सहा महिन्यांनी विनताला सोनार आठवला नव्हता, तिला मरण आठवलं होतं. आणि आपण कोपऱ्यात उभं राहून तिचं सोनं मोजत होतो. ऑटोत बसल्यावर इंदूला स्वतःची लाज वाटली. सिविल लाइंस येईपर्यंत मात्र तिला पुन्हा थोडा राग आला होता, की चार वर्षं आपल्याला सांगितलं नाही म्हणजे काय.

विनताने दार उघडलं. गळ्यात हळकुंड होतंच. आतमध्ये ये-बस म्हणायच्या आधीच इंदू बोलली.

"हळकुंड आहे का वं घरात?"

"आहे की. पण ताई, तुमचं मंगळसूत्र तर गळ्यात आहे."

"काढा लागते म्हणते. ते मशीनवाली बाई."

विनताचा हात आपसूक स्वतःच्या दोऱ्याकडे गेला. दोघी दारातच उभ्या होत्या. माळी कुंड्यांना पाणी घालत होता.

"कुठल्या बाजूला?" विनताने हळूच विचारलं.

"डाव्या."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"दिवाळीपासून! आणि आज सांगता, ताई?"

"तू तरी कुठं सांगितलं? चार वर्षं सोनार सोनार करून राहिली."

विनताने तिला हाताला धरून आत नेलं आणि स्वयंपाकघरात बसवलं. मग पाठमोरी राहूनच बोलली. मुलीचं लग्न व्हायचंय, म्हणाली. आजी गेली, मावशी गेली ती याच दुखण्याने, हे लोकांना कळलं की ते मुलीकडे कसे बघतील, या भीतीने माहेरचं दुखणं तिने माहेरातच पुरलं. रिपोर्ट चांगला येईपर्यंत मंगळसूत्र परत घालायचं नाही, हा तिचाच नेम. सोनाराची गोष्ट गुणवंतची.

"भाऊजी येत असतील ना संग?" इंदूने विचारलं. एवढं तरी तिला हवंच होतं.

"येतात. गाडीत बसतात. वर नाही येत. दवाखान्याच्या वासाने त्यांना कसंसंच होतं. चार वर्षं मी एकटीच वर जाते, पालथी पडून राहते, ते मशीन कानाशी ठोकत असतं, आणि मी कुंदाला आठवत असते." विनता डबा शोधत होती. "गुरुवारी तुम्ही संत्रं दिलंत ना, तुमच्या आईने पाठवलेलं? ऐंशी वर्षांची बाई अजून मुलीला टोपली भरून पाठवते. माझ्याच्याने ते सोलवेना. खूप जळले मी तुमच्यावर, ताई. आजचं नाही, कित्येक वर्षांचं आहे ते."

आपल्यावर कोणी जळावं असं आपल्याजवळ काही आहे, हे इंदूच्या स्वप्नातही आलं नव्हतं. क्षणभर तिला बरंसुद्धा वाटलं. मग त्या बरं वाटण्याची शरम वाटली.

विनताने हळद कालवली, दोरा भिजवला, डब्यातून एक चांगलं सरळ हळकुंड निवडून बांधलं. आधी दोरा इंदूच्या गळ्यात घातला, मगच तिचं मंगळसूत्र उतरवलं, म्हणजे गळा एक क्षणही मोकळा राहिला नाही. ते मंगळसूत्र तिने रुमालात गुंडाळून आपल्या पर्समध्ये ठेवलं आणि स्कूटरची किल्ली घेतली. "चला. माझा रिपोर्टही आजच मिळणार आहे."

मशीनने छाती दोन पट्ट्यांत धरून दाबली तेव्हा इंदूच्या डोळ्यांत पाणी आलं. "बस हो गया, दीदी, साँस रोकिए," ती हसरी बाई म्हणत राहिली. मग दुसऱ्या खोलीत गार जेली लावून सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर एक गोल काळा ठिपका होता, कडा अगदी स्वच्छ.

"पानी की गाँठ है," त्या म्हणाल्या. "कैंसर नहीं है. मैमोग्राफी भी साफ़ है. बस हर साल कराते रहिए."

इंदूने दोनदा विचारून खात्री केली. मग तिला हसू आलं ते थांबेचना. ब्लाऊजची हुकं लावताना बोटं चुकत होती. आता बळीरामला सांगायचं, सासूबाईंना न सांगताही पेढे आणायचे, आईला फोन करायचा. ती जवळजवळ धावतच बाहेर आली.

विनता बाकावर बसली होती. मांडीवर मोठं पाकीट होतं, उघडलेलं.

"पाण्याची निघाली," इंदू म्हणाली. तोंडावरचं हसू तिला वेळेवर आवरता आलं नाही.

"बरं झालं, ताई," विनता म्हणाली आणि तिने वर बघितलं.

तो चेहरा इंदूने ओळखला. ओठ ताणलेले, बोलणं चांगलं, आणि डोळे दुसऱ्याच्या ताटावर. आजवर तिने तो कधी बाहेरून पाहिला नव्हता, कारण आजवर तो तिचा स्वतःचा होता. आत काय चाललं असेल हे तिच्याइतकं कोणाला कळणार! हिलाच का सुटका, मलाच का नाही, एवढंच असतं तिथे, आणि ते फार दुखतं. इंदूला राग आला नाही.

"काय म्हटलं डॉक्टरणीने?"

"उजव्या बाजूला काहीतरी दिसतंय. मंगळवारी सुईने तुकडा काढून तपासणार. म्हणतात, एमआरआई बारीकसारीक सगळंच दाखवतं, पुष्कळदा त्यातून काही निघत नाही." विनताने पाकीट मिटलं. "कुंदालाही पहिल्यांदा असंच म्हटलं होतं."

काही होत नाही, देव आहे, असलं काही इंदूच्या तोंडी आलं होतं. ते तिने गिळलं आणि विनताच्या शेजारी बाकावर बसली. मग विनताला आठवण झाली. तिने पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढून पुढे केली.

"राहू दे तुझ्याजवळ," इंदू म्हणाली.

"तुमचा तर रिपोर्ट आला, ताई. चांगला आला."

"तुझा यायचा आहे ना अजून. मंगळवारी मी येईन तुझ्यासंग. वर येईन. मले दवाखान्याचा वास चालते."

पुरचुंडी परत पर्समध्ये गेली.

स्कूटर रांझीला क्वार्टरशी थांबली तेव्हा सासूबाई दारात ऊन खात बसल्या होत्या. आधी त्यांना एक दोरा दिसला, मग दुसरा. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पुन्हा पाहिलं आणि त्यांचा सुरकुतलेला चेहरा खुलला.

"तुझंबी टाकलं का बळीरामने सोनाराकडे? बरं केलं माय. दोघीचं बरोबरच झालं पाह्यजे."

"हो, आई," इंदू म्हणाली.

"मंग भेटते कधी?"

इंदूने विनताकडे बघितलं. विनताने हळकुंड मुठीत घट्ट धरलं होतं.

"हिचं भेटलं का माझंबी भेटते, आई," इंदू म्हणाली. "दोघी संगंच घालू."